कौटुंबिक न्यायालयातील पहिली तारीख

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा बोनस, किमान वेतन, कंत्राटी कामगार यांपैकी काहीतरी येईल अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही कौटुंबिक न्यायालयाचे नाव काढले तेव्हा मंडळी क्षणभर गप्प झाली. कामगारांच्या पुढाऱ्याला नवराबायकोच्या भांडणात नाक खुपसण्याचे कारण काय, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. कारण सरळ आहे. गेली तीस वर्षे आम्ही युनियनच्या कचेरीत बसतो. दिवसा तेथे पगारवाढीच्या गोष्टी होतात, पण दिवे लागल्यावर, गर्दी पांगल्यावर, एखादा सभासद मागे रेंगाळतो, खिशातून घडी घातलेला कागद काढतो आणि म्हणतो, "साहेब, हे जरा वाचून दाखवा." तो कागद बहुतेक वेळा कौटुंबिक न्यायालयाचे समन्स असतो.

आम्ही वकील नाही. आमचे शाळेचे शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात. तेव्हा येथे आम्ही कायद्याचा कीस काढणार नाही. पहिल्या तारखेला जाणाऱ्या साध्या माणसाने काय करावे आणि काय करू नये, एवढेच सांगणार आहो. त्यातले निम्मे आम्ही चुका करून शिकलो आहो, आणि त्या चुकांची किंमत दुसऱ्यांनी भरली आहे.

त्यांतली सर्वांत मोठी चूक आधीच सांगून टाकतो. २००६ साली आमच्या एका सभासदाला त्याच्या पत्नीने केलेल्या पोटगीच्या अर्जाचे समन्स आले. तारीख नेमकी आमच्या गेटसभेच्या दिवशी होती. करार तोंडावर आला होता, आणि हा गडी खात्यातला आमचा खंदा कार्यकर्ता. त्याने विचारले, "जाऊ का?" आम्ही मोठ्या जाणतेपणाने म्हणालो, "अरे, पहिल्या तारखेला काही होत नसते. पुढची तारीख पडेल." लेबर कोर्टातल्या तारखांवर तारखा पाहून आमचे हे मत बनले होते. तो गेला नाही. दुसऱ्या तारखेला त्याला आपोआपच संकोच वाटला. तिसऱ्या तारखेची त्याला वार्ताही नव्हती. कोर्टाने एकतर्फी हुकूम केला: पत्नी व मुलगी मिळून दरमहा अडीच हजार रुपये, अर्ज केल्या दिवसापासून. असा हुकूम रद्द करून घेण्यासाठी तीन महिन्यांच्या आत कारण दाखवून अर्ज करता येतो. ते तीन महिने कधी आले, कधी गेले, त्याला कळलेच नाही. चौदा महिन्यांची बाकी म्हणजे पस्तीस हजार रुपये झाली आणि वसुलीचे वॉरंट घेऊन पोलीस कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिले, तेही पाळी बदलण्याच्या वेळी, सगळ्यांच्या देखत.

आम्ही त्या दिवशी वर्गणी जमवली, अर्धी रक्कम भरली, बाकीचे हप्ते बांधून घेतले. त्याचे आम्हांला तेव्हा मोठे भूषण वाटले. पुढे केव्हातरी त्याची पत्नी कचेरीत आली. तिने एकच प्रश्न विचारला: "ते चौदा महिने आम्ही काय खाल्लं, हे तुमच्यातल्या कुणी विचारलं का?" मुलीची शाळा तिने मध्येच सोडवली होती. आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

असो. आता हे न्यायालय कशासाठी आहे ते थोडे पाहू, म्हणजे तेथे कसे वागावे हे आपोआप समजेल. कुटुंबाच्या तंट्यांसाठी निराळे न्यायालय असावे ही कल्पना आपल्याकडे दुर्गाबाई देशमुख यांनी मांडली. १९५३ साली त्या चीनमध्ये गेल्या असताना त्यांनी तेथील अशी न्यायालये पाहिली, आणि परत आल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छागला व न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्याशी त्याविषयी चर्चा केली. कायदा व्हायला मात्र १९८४ साल उजाडले. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत हे न्यायालय असावेच असे त्या कायद्यात आहे, आणि इतरत्रही सरकारला ते स्थापता येते. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे १९८९ साली कामकाज सुरू झाले. पुढे आणखी गावी ही न्यायालये निघाली. जेथे ते नाही तेथे घटस्फोटाचा अर्ज दिवाणी न्यायाधीशांपुढे व पोटगीचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. आम्ही सांगतो त्यातले बहुतेक तेथेही उपयोगी पडेल.

ह्या न्यायालयाचा स्वभाव नेहमीच्या कोर्टाहून निराळा ठेवलेला आहे. समेट होण्यासारखा असेल तर तसा प्रयत्न करणे हे न्यायाधीशांचे कर्तव्यच कायद्याने ठरवले आहे. दोघांपैकी एकाने जरी मागितले तरी कामकाज बंद दाराआड चालवावे लागते. पुराव्याचे नियम सैल आहेत. आणि सर्वांत लोकविलक्षण गोष्ट ही, की येथे वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही. वकील हवा असेल तर परवानगीचा अर्ज करावा लागतो. ती बहुधा मिळते. पण मूळ हेतू असा, की माणसाने आपले दुःख आपल्या तोंडाने सांगावे. अर्ज मराठीत देता येतो, बोलता मराठीत येते. आमच्या एका सभासदाने घरी इंग्रजीतली चार वाक्ये घोकून नेली होती; साहेबांनी मराठीत नाव विचारले, तर तो नावच विसरला.

आता समन्सविषयी. बेलीफ दारात आला की कडी लावून घेणे, पोस्टमनला "येथे राहत नाही" म्हणून परत पाठवणे, हे प्रकार पुष्कळ चालतात. त्यात शहाणपणा यत्किंचितही नाही. घेण्यास नकार दिला अशी नोंद झाली की समन्स बजावले गेले असे कोर्ट धरू शकते. दारावर चिकटवूनही बजावणी होते. मग शेजारीपाजारी वाचतात ते निराळेच. तेव्हा कागद सही करून घ्यावा, घेतल्याची तारीख त्यावर लिहावी, आणि तीन गोष्टी पाहाव्यात: कोणते कोर्ट व कितवा हॉल, प्रकरणाचा क्रमांक, आणि तारीख. सोबत अर्जाची नक्कल आहे की नाही तेही पाहावे. नसेल तर ती मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. मग अर्ज वाचावा. रागाने नव्हे, पेन्सिल घेऊन. कोणते म्हणणे खरे, कोणते खोटे, कोणते अर्धे खरे, अशा खुणा समासात करत जावे. अर्ध्या खऱ्याला अर्धे खरेच म्हणावे. सगळेच नाकारणारा मनुष्य लग्नाची तारीखसुद्धा नाकारून बसतो, आणि मग त्याच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

वकील परवडत नाही ही अडचण सगळेच सांगतात. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रिया व मुले यांना फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जातीजमातींना आहे, अपंगांना आहे. पण त्याच यादीत 'औद्योगिक कामगार' असाही शब्द आहे, हे आमच्या युनियनवाल्यांपैकी शेकडा नव्वदांना ठाऊक नसते. आम्हांलाही कित्येक वर्षे नव्हते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधिसेवा प्राधिकरणाची कचेरी असते. तेथे एक अर्ज व ओळखपत्र द्यावे. १५१०० ह्या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. शिवाय पोटगी, घटस्फोट अशा प्रकरणांत स्त्रियांना महाराष्ट्र सरकारने १९९४ सालीच कोर्ट फी माफ केलेली आहे. फीचे पैसे नाहीत म्हणून अर्ज अडला असे सांगणारी भगिनी भेटली, तर तिला हे अवश्य सांगावे.

कागदांचे मात्र मनावर घ्यायला हवे. लग्नाचा दाखला असेल तर उत्तम. नसेल तर निमंत्रणपत्रिका व फोटो. मुलांचे जन्मदाखले, शिधापत्रिका, आधार कार्ड, पगारपत्रके, बँकेचे पासबुक, घरभाड्याच्या पावत्या, शाळेची फी, औषधांची बिले. मूळ कागद घरी नीट ठेवून झेरॉक्सचे दोन संच करावेत, आणि मूळ कागद त्या दिवशी पिशवीत बरोबर न्यावेत. दाखवा म्हटले तर दाखवता आले पाहिजेत, पण ते कोणाच्या हाती देऊन येऊ नये. मोबाइलवरचे संदेश रागाच्या भरात पुसू नयेत. दिलेल्या पैशांचा पुरावा ठेवावा. "मी तिच्या भावाच्या हातात रोख दिले" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, आणि त्याचा पुरावा इतक्या क्वचित पाहिला आहे, की आता आम्ही सभासदांना सांगतो, वेगळे राहू लागल्या दिवसापासून पैसे बँकेतून पाठवा, नाहीतर मनिऑर्डरने.

ह्या सर्वांबरोबर एक पानभर तारखांची यादी करावी. लग्न केव्हा झाले, मुले केव्हा झाली, वेगळे राहणे केव्हापासून, पैसे केव्हा व किती दिले, मारहाण झाली असेल तर केव्हा, दवाखान्यात केव्हा गेलो. फक्त तारखा. 'तिचा उर्मटपणा', 'त्याचा संशयी स्वभाव' असले शब्द ह्या पानावर येऊ देऊ नयेत. हे पान कोर्टात द्यायचे नसते, आपल्या खिशात ठेवायचे असते. साहेबांनी प्रश्न विचारला आणि घसा कोरडा पडला की त्याकडे पाहता येते.

पोटगीचा प्रश्न असेल तर आणखी एक कागद लागतो, आणि त्यावर आम्ही जरा थांबणार आहो. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा ह्या खटल्यात असे ठरवून दिले, की अंतरिम पोटगीच्या वेळी नवरा व बायको दोघांनीही आपले उत्पन्न, खर्च, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे. त्याचा नमुना ठरलेला आहे. शेतीवर जगणाऱ्यांसाठी निराळा आहे. दारिद्र्यरेषेखालच्या व रोजंदारीच्या माणसांना ह्यातून सूट आहे. उत्तर देणाऱ्याने हे प्रतिज्ञापत्र फार तर चार आठवड्यांत द्यावयाचे असते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ म्हणून जे सर्वांच्या तोंडी होते, ते १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. आकडा बदलला, हिशेब तोच. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत अंतरिम पोटगीचा निकाल व्हावा असे त्यात म्हटले आहे. 'शक्यतो' ह्या शब्दाची रुंदी आपणां सर्वांना माहीत आहेच.

ह्या प्रतिज्ञापत्राच्या वेळी आमच्या पुरुषमंडळींची बुद्धी विलक्षण चालू लागते. तारखेच्या महिनाभर आधी पतपेढीचे कर्ज काढायचे, म्हणजे हाती येणारा पगार कमी दिसतो. ओव्हरटाइम नाकारायचा. मोटारसायकल भावाच्या नावावर करायची. आम्ही ह्यापासून अलिप्त होतो असे म्हटले तर ते खोटे होईल. एका सभासदाच्या आग्रहाखातर आम्ही युनियनच्या कागदावर लिहून दिले होते, की खात्यात ओव्हरटाइम बंद आहे. तो त्या महिन्यात बंद होता, हे खरे. मागची दोन वर्षे भरपूर चालू होता, हेही खरे, आणि ते आम्ही लिहिले नव्हते. समोरच्या बाजूने वर्षभराची पगारपत्रके मागवली. आमचे पत्र साहेबांनी वाचले, पगारपत्रके पाहिली, आणि पत्र काही न बोलता बाजूला ठेवले. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते. भविष्य निर्वाह निधी, आयकर यांसारखी सक्तीची कपात कोर्ट लक्षात घेते. आपण होऊन काढलेल्या कर्जाचे हप्ते पुढे करून जबाबदारी टळत नाही. आणि शपथेवर खोटे लिहिणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

ह्याच्या उलट उदाहरण एका विडी कामगार भगिनीचे. ती आमच्याकडे आली ती हातात शाळकरी वही घेऊन. तीन वर्षांचा खर्च तिने त्यात लिहिला होता: दूध, रॉकेल, मग गॅस, मुलाचा चष्मा, पाऊस लागला तेव्हाची ताडपत्री. शेवटच्या पानावर स्वतःची कमाईही लिहिली होती, हजार विड्यांमागे काय मिळते आणि आठवड्यात किती हजार होतात ते. आमच्या कचेरीतला एक उत्साही तरुण म्हणाला, "ताई, हे शेवटचं पान फाडा." ती म्हणाली, "का? मी काय चोरी करते?" ते पान राहिले. आणि तसे पाहता तिला भीती नव्हतीच. बाई थोडेफार कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, तेवढ्यात तिचे आणि मुलांचे भागते का हा प्रश्न असतो. कोर्टाला त्या वहीवरून दहा मिनिटांत घर दिसले.

तारखेच्या दिवशी साडेदहाला तरी आवारात असावे. बाहेर फलकावर त्या दिवसाचा बोर्ड लावलेला असतो. त्यात आपला क्रमांक कितवा ते पाहून हॉलच्या शिपायाला आपण आल्याचे सांगावे. पुकारा झाला आणि आपण चहाच्या टपरीवर असलो, तर अर्जदाराचा अर्ज निघून जाऊ शकतो, सामनेवाल्याविरुद्ध एकतर्फी हुकूम होऊ शकतो. फोन बंद. डबा आणि पाणी बरोबर, कारण पाच मिनिटांच्या कामासाठी चार तास थांबावे लागते. आपल्याला खरोखरच येणे अशक्य असेल, आजारपण असेल, तर दाखला जोडून तहकुबीचा अर्ज कोणाबरोबर तरी पाठवावा. मुलांना न्यायाधीशांनी बोलावले नसेल तर आणू नये. काही न्यायालयांत मुलांसाठी खेळण्यांची निराळी खोली आहे, ती चांगली सोय आहे. पण व्हरांड्यात आईबापांकडची माणसे एकमेकांवर ओरडत असताना त्या मुलाला खेळण्यात कोण गुंतवणार?

त्या माणसांविषयीही बोललेच पाहिजे. आम्हां चळवळीतल्या लोकांना संख्येचा मोठा भरवसा. समेट अधिकाऱ्यापुढे जाताना बाहेर दोनशे माणसे उभी असली की आतले बोलणे सोपे जाते, हा आमचा अनुभव. एकदा आम्हीच एका सभासदाबरोबर टेम्पोभर माणसे घेऊन गेलो. त्याची बायको भावाबरोबर आली होती. आम्हांला पाहून ती जिन्यावरच थांबली, आणि आम्ही पाहत असताना परत फिरली. त्या दिवशी प्रकरण मिटण्याची थोडी आशा होती, असे पुढे समुपदेशकबाईंकडून त्याच्या कानावर आले. आमच्यातल्या कोणीही तिला एक वावगा शब्द बोलले नव्हते. नुसते उभे होतो. तेव्हापासून आम्ही सांगतो: बरोबर एक शांत, वडीलधारे माणूस न्यावे, ज्याला डबा धरता येतो आणि गप्प बसता येते.

पहिल्या तारखेला बहुधा साक्षीपुरावा होत नाही. हजेरी लागते, सामनेवाल्याला लेखी म्हणणे देण्यासाठी मुदत मिळते, आणि दोघांना विवाह समुपदेशकाकडे पाठवले जाते. ही माणसे न्यायालयाचीच असतात, त्यांना फी द्यावी लागत नाही. ती आधी एकेकट्याशी बोलतात, मग दोघांना समोरासमोर बसवतात. येथे पुष्कळांची जीभ अडखळते. आपण बोलू ते उद्या निकालात येईल अशी भीती वाटते. ती निराधार आहे. समुपदेशकापुढे झालेले बोलणे गुप्त राहते, आणि त्यांना साक्षीला बोलावता येत नाही. तेव्हा तेथे मनातले बोलावे. मागण्यांची सनद घेऊन जाऊ नये. दहा मागून सहावर येण्याची आमची सवय मालकापुढे ठीक आहे. बायकोने पंधरा हजार मागितले म्हणून नवऱ्याने पाचशे सांगायचे, ह्या चालीत सहा महिने जातात आणि मने आणखी विटतात.

ज्या भगिनीला मार खावा लागला आहे, तिने मात्र भिडेस्तव समोरासमोर बसू नये. मला त्यांच्यासमोर बसायचे नाही, निराळे बोलायचे आहे, असे स्पष्ट सांगावे. समेट म्हणजे परत नांदायला जाणे एवढाच त्याचा अर्थ नाही. पोटगी किती, मुले कोणाकडे व भेट केव्हा, हे ठरवून सन्मानाने वेगळे होणे हाही समेटच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालचे संरक्षण व घरात राहण्याचा हक्क ह्याच न्यायालयात मागता येतो. आणि कोणीही, पुरुष असो वा स्त्री, मिटवण्याच्या घाईत न वाचलेल्या कागदावर सही करू नये. मराठीत वाचून दाखवा म्हणावे. "मला घरी विचार करायचा आहे, पुढच्या तारखेला सांगतो" असे म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही.

पोटगीचा हुकूम झालाच तर तो पाळावा लागतो. न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या बाकीसाठी एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. महिनाभर आत बसून आलो की फिटले, अशी एक समजूत कारखान्यांत फिरते. ती साफ चुकीची आहे. तुरुंगात बसून बाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच स्पष्ट केले आहे. पगार घटला, नोकरी गेली, तर रक्कम कमी करून मागण्याचा अर्ज करावा. तो मार्ग उघडा आहे. तसाच महागाई वाढली तर वाढवून मागण्याचा मार्ग तिलाही आहे.

हॉलमधून बाहेर पडण्यापूर्वी पुढची तारीख व त्या दिवशी काय व्हायचे आहे, हे कारकुनाला विचारून लिहून घ्यावे. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तोही त्याच कागदावर टिपावा, म्हणजे मोबाइलवर ई-कोर्टच्या सेवेत पुढची तारीख घरबसल्या पाहता येते. आमच्या कचेरीत २००६ नंतर भिंतीवर दोन कॅलेंडरे आहेत. एकावर गेटसभा, वाटाघाटी व लेबर कोर्ट. दुसऱ्यावर नावे लिहीत नाही, फक्त तारखांभोवती लाल वर्तुळे असतात. गेटसभा ठरवण्याआधी ते दुसरे कॅलेंडर पाहायचे, असा कार्यकारिणीचा ठराव आहे, आणि खात्यातल्या ज्याची तारीख असेल त्याला त्या दिवसाची रजा मिळवून देणे हे आमच्या चिटणिसाचे काम आहे.